ड्रिफ्टची पहिली गाडी : स्टीअरिंग आणि सस्पेन्शनवर खर्च कोणत्या क्रमाने करावा?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद शहरात एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या दाखल झाल्या. येथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन केलेली सुमारे ६५ कोटी रुपयांची ही खरेदी देशभर चर्चेचा विषय ठरली होती. आता शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे आणि त्या पिढीतील सी-क्लास जुन्या गाड्यांच्या बाजारात नव्या छोट्या गाडीच्या किमतीला, कधी त्याहूनही स्वस्तात मिळते. मोटारींचे वेड असलेल्या विशीतील तरुणाच्या मनात मग एक विचार येतोच. हिचे इंजिन पुढे आहे आणि गती मिळते ती मागच्या चाकांना. मग हिचीच ड्रिफ्टसाठी तयारी का करू नये?

विचार चुकीचा नाही. चुकतो तो बहुधा खर्चाचा क्रम. पहिला पैसा जातो गाडी खाली बसवणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंगवर, कारण तो बदल रस्त्यावरच्या माणसालाही दिसतो. स्टीअरिंगच्या जोडातील ढिलाई कोणाला दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते. परिणामी गाडी दिसते स्पर्धेची आणि चालते भंगाराची. हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

ड्रिफ्ट म्हणजे गाडी वळणावर मुद्दाम आडवी करून, मागची चाके घसरत ठेवून आणि तरीही पूर्ण ताब्यात ठेवून पुढे नेणे. जपानमध्ये १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूने हे तंत्र ट्रॅकवर वापरले आणि केइची त्सुचिया यांनी ते घाटरस्त्यांवरून लोकप्रिय केले. पुढे डी-वन ग्रांप्रीसारख्या स्पर्धा सुरू झाल्या, २००६च्या 'टोकियो ड्रिफ्ट' चित्रपटाने ते आपल्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचवले आणि २०१७ मध्ये एफआयए या जागतिक संघटनेने टोकियोत पहिला आंतरखंडीय ड्रिफ्टिंग कप भरवला. यात वेळेची स्पर्धा नसते. गाडी किती कोनात, किती सफाईने आणि ठरलेल्या मार्गावरून गेली याला परीक्षक गुण देतात.

गाडी कोणती?

छत्रपती संभाजीनगर हे मोटारीचे शहर आहे, पण ड्रिफ्टच्या मोटारीचे नव्हे. शेंद्रा येथे २००१ पासून तयार होऊ लागलेली स्कोडा ऑक्टाव्हिया पुढच्या चाकांवर चालते. त्याच कारखान्यात पुढे जुळवल्या जाऊ लागलेल्या ऑडी पुढच्या किंवा चारही चाकांवर चालतात. वाळूजच्या बजाज कारखान्यातून बाहेर पडणारी रिक्षा मात्र मागच्या चाकांवर चालते. ती आडवी करण्याचे कसब काही रिक्षाचालकांकडे आहे, पण तो विषय वेगळा.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि आपल्याकडे सहज मिळणाऱ्या गाड्यांत सी-क्लासची २००८ ते २०१४ची पिढी आणि बीएमडब्ल्यूची २००७ पासून चेन्नईत जुळवली गेलेली थ्री सिरीज या दोन प्रमुख होत. दोन्ही बहुतेक ऑटोमॅटिकच मिळतात, ही नवशिक्यासाठी अडचण आहे. त्यातही मर्सिडीजचा पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा असतो, त्यामुळे हँडब्रेक ओढून मागचे चाक क्षणभर अडवण्याचे प्राथमिक तंत्र तिच्यावर शिकता येत नाही. शिवाय घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बटण दाबूनही पूर्ण बंद होत नाही. थ्री सिरीजमध्ये नेहमीचा हाताचा ब्रेक आहे. दोहोंत निवड करायची झाल्यास माझे मत थ्री सिरीजच्या बाजूने पडेल.

कॉन्टेसा किंवा प्रीमिअर ११८ एनई यांच्याकडे वळणारे शौकीनही आहेत. या गाड्या हलक्या, साध्या आणि हाताच्या गिअरच्या आहेत. पण सुटे भाग शोधण्यातच वर्ष जाते. ओम्नी आणि ईको यांचीही मागची चाके फिरतात, मात्र अरुंद आणि उंच गाडी आडवी केली की ती घसरण्याऐवजी उलटण्याची शक्यता असते. त्या वाटेला जाऊच नये.

एक गोष्ट येथेच सांगायला हवी. नेहमीच्या डिफरन्शियलमध्ये वळणावर हलके झालेले आतले मागचे चाक एकटेच फिरत राहते आणि ड्रिफ्ट मध्येच तुटतो. दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारे लॉक केलेले किंवा मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल नसेल, तर पुढे सांगितलेला बराचसा खर्च व्यर्थ आहे. सस्पेन्शनचे अंदाजपत्रक त्यानंतरचे.

आधी ढिलाई काढा

बारा-पंधरा वर्षे आपल्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत सर्वांत आधी संपलेले असते ते रबर. लोअर आर्मचे बुश, मागच्या सबफ्रेमचे बुश, इंजिनाचे माउंटिंग हे सारे रबराचे असते. रबर चिरले की चाक स्टीअरिंगने सांगितलेल्या दिशेखेरीज आणखी थोडे स्वतःच्या मर्जीने वळते. शहरात तेवढे कळतही नाही. घसरणाऱ्या गाडीत मात्र चालकाने उलट स्टीअरिंग दिल्यानंतर चाक क्षणभर थांबून मग वळते, आणि सगळा खेळ त्या क्षणाचाच असतो. नवशिका समजतो की आपला हात मंद आहे. प्रत्यक्षात गाडीच उशिरा ऐकत असते.

म्हणून पहिला खर्च बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके आणि चाकांच्या बेअरिंगवर करावा. गाडी जॅकवर उचलून चाक घड्याळातील नऊ आणि तीन या जागी धरून हलवावे. खटका जाणवला तर टाय रॉड किंवा रॅकमध्ये ढिलाई आहे. बारा आणि सहावर धरून हलवल्यास बॉल जॉइंट आणि बेअरिंगची अवस्था कळते. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घालायचे असल्यास घालावेत. ते अधिक ताठ राहतात. स्पर्धेच्या गाड्यांत असतात तसे सरळ धातूचे गोलाकार जोड सुरुवातीला नकोत. त्यांत धूळ शिरते, ते लवकर वाजू लागतात आणि मराठवाड्यात धुळीला तोटा नाही.

चाक किती वळते?

ड्रिफ्टमध्ये स्टीअरिंगला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. गाडी डावीकडे वळताना तिचा मागचा भाग उजवीकडे निसटला आहे. तिचे नाक आतल्या बाजूला झुकले आहे, पण ती प्रत्यक्षात जाते आहे वेगळ्याच दिशेला. या दोन दिशांमध्ये जेवढा कोन असेल, साधारण तेवढीच पुढची चाके उलट, म्हणजे उजवीकडे वळवावी लागतात. नेहमीच्या गाडीचे पुढचे चाक ३५ ते ४० अंशांच्या आसपास अडते. गाडी त्याहून अधिक आडवी झाली की वळवायला स्टीअरिंग शिल्लकच राहत नाही आणि गाडी गिरकी घेते.

अर्थात वळणाचे जास्तीचे अंश हे नवशिक्याच्या चुकांसाठी राखून ठेवलेली शिल्लक होय. अनुभवी चालकाला ते दिखाव्यासाठी लागतात, शिकणाऱ्याला बचावासाठी. म्हणूनच ढिलाई काढल्यानंतरचा दुसरा खर्च, कडक स्प्रिंगच्याही आधी, येथे करावा असे माझे मत आहे.

हे अंश मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला आणि स्वस्त मार्ग म्हणजे स्टीअरिंग रॅकच्या टोकाला, जिथे आतला टाय रॉड आट्यांनी बसतो तिथे काही मिलिमीटर जाडीची पोलादी चकती घालणे. त्यामुळे रॅक थोडा अधिक सरकतो आणि चार-सहा अंश जादा मिळतात. अशी चकती चिकलठाणा किंवा वाळूजच्या कोणत्याही चांगल्या लेथवर तयार होईल. मात्र तीन गोष्टी तपासल्याशिवाय गाडी हलवू नये : टाय रॉडचे पुरेसे आटे रॅकमध्ये शिल्लक आहेत ना, टोकाला गेल्यावर रॅकचे दाते संपत नाहीत ना, आणि चकतीमुळे बिघडलेले चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करून घेतले आहे ना.

दुसरा मार्ग म्हणजे नकल, अर्थात ज्या भागावर चाक बसते आणि ज्याचा दांडा टाय रॉडला जोडलेला असतो, तो बदलणे. दांडा आखूड केला की रॅकच्या तेवढ्याच सरकण्यात चाक अधिक वळते. परदेशात जुने नकल कापून, वेल्डिंग करून आखूड करण्याची पद्धत आहे. आपल्याकडे उत्तम वेल्डर मिळतात; तरीही हा उद्योग करू नये. ओतीव किंवा घडीव पोलादाला वेल्डिंगचा चटका बसला की जोडाशेजारचा भाग ठिसूळ होऊ शकतो आणि ते वरून दिसत नाही. शॉक गळला तर गाडी डुलते, नकल तुटला तर चाक हातातून जाते. त्याचा इशाराही मिळत नाही. या एका भागाबाबत काटकसर नको : घ्यायचा तर तयार, तपासलेला घ्यावा, नाही तर मूळचाच ठेवावा.

तिसरा मार्ग म्हणजे आर्म, नकल, टाय रॉड असा पूर्ण संच. त्याने चाक साठ अंशांपर्यंत किंवा पुढेही वळते. तो आयात करावा लागतो, महाग पडतो आणि पहिल्या वर्षी त्याची गरज नसते. तो चुकीचा बसवला तर आणखी एक धोका संभवतो. टोकाच्या वळणावर टाय रॉड आणि नकलचा दांडा एका सरळ रेषेत आले की चाक पलीकडे उलटून तिथेच अडकते, मग चालकाने कितीही जोर लावला तरी परत येत नाही.

येथे भूमितीचा एक मुद्दा येतो. साध्या गाडीत वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे अशी रचना असते; तिला अकरमन म्हणतात. शहरात ती टायर वाचवते. ड्रिफ्टमध्ये मात्र डाव्या वळणावर स्टीअरिंग उजवीकडे असते आणि भारही उजव्या चाकावर असतो. अशा वेळी दोन्ही चाके फार वेगवेगळ्या कोनांत असतील तर त्यांतले एक जमिनीवर फरफटते आणि गाडीचा वेग खाते. म्हणून ड्रिफ्टच्या नकलमध्ये हा फरक कमी करून चाके अधिक समांतर ठेवलेली असतात. साध्या चकतीने हा फरक जात नाही, पण थोड्या अंशांत तो जाणवतही नाही.

पॉवर स्टीअरिंग काढू नका

शर्यतीच्या गाडीचे वजन कमी करण्यासाठी पॉवर स्टीअरिंग काढावे, असा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. ड्रिफ्टला तो लागू नाही. येथे स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्षणार्धात फिरावे लागते. त्याऐवजी पंपातील तेल बदलावे. सतत टोकाला अडवलेल्या स्टीअरिंगमुळे तेल तापते, फेसाळते आणि टाकीतून उसळते; तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास आगीचा धोका असतो. परतीच्या नळीवर एक लहान कूलर बसवणे हा या सगळ्या यादीतील बहुधा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

अलाइनमेंट : फुकटात मिळणारी सुधारणा

चाकांचे तीन कोन लक्षात ठेवावेत. कॅस्टर म्हणजे स्टीअरिंगचा अक्ष मागे किती कललेला आहे. तो वाढवला, म्हणजे सहा ते आठ अंशांच्या दरम्यान ठेवला, की घसरताना पुढची चाके आपोआप गाडीच्या जाण्याच्या दिशेला वळू पाहतात. ड्रिफ्ट करणाऱ्याच्या हातातून स्टीअरिंग भिंगरीसारखे फिरताना दिसते ते यामुळेच. चालक ते फिरवत नसतो, फिरू देत असतो आणि योग्य जागी धरतो. पण याच कॅस्टरमुळे, चाक पूर्ण वळल्यावर भार घेणारे पुढचे चाक वरच्या बाजूने बाहेर कलते. ते भरून काढण्यासाठी पुढच्या चाकांना सरळ स्थितीत तीन ते पाच अंश ऋण कॅम्बर देतात, म्हणजे चाकांचा वरचा भाग आत झुकवतात. ही फॅशन नव्हे, हिशेब आहे. मागच्या चाकांना याची गरज नाही. ती शून्य ते उणे एक अंशावर ठेवून पूर्ण रुंदी जमिनीला टेकवावी. टो पुढे शून्य किंवा किंचित बाहेर, मागे शून्य किंवा किंचित आत असावा.

मूळ गाडीत कॅम्बर आणि कॅस्टरला फारसा वाव नसतो. वरच्या बाजूला सरकवता येणारी प्लेट बसवली की तो मिळतो. शहरातल्या संगणकीकृत अलाइनमेंट केंद्रात जाताना हवे असलेले आकडे कागदावर लिहून न्यावेत. नाही तर तिथला कारागीर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे सगळे 'दुरुस्त' करून देईल, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.

आता शॉक आणि स्प्रिंग

शॉक ॲब्सॉर्बर हा या शहराला परका विषय नाही. वाळूजच्या एन्ड्युरन्स कंपनीत दुचाकी-तिचाकींचे शॉक आणि फोर्क तयार होतात. सील, तेल आणि झडपा यांची जाण असलेले कितीतरी हात येथे आहेत. त्यांपैकी कोणालाही विचारावे, तो हेच सांगेल की स्प्रिंग ठरवते गाडी किती झुकणार, आणि शॉक ठरवतो ती किती वेगाने झुकणार व परत येणार. नवी कडक स्प्रिंग आणि जुना थकलेला शॉक ही जोडी म्हणूनच सर्वांत वाईट. गाडी उसळत राहते आणि मागच्या चाकांची पकड क्षणाक्षणाला बदलते. घसरणे तर हवेच आहे, पण ते एकसारखे हवे.

पैसे कमी असतील तर कंपनीचेच नवे शॉक घालून शिकायला सुरुवात करावी. मऊ गाडी हळू झुकते, त्यामुळे भार कुठून कुठे जातो आहे हे अंगाला कळते. ते अंगात मुरले की मग स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला, उंची कमी-जास्त करता येणारा कॉइलओव्हर संच घ्यावा. त्यात उंची शॉकच्या तळाच्या आट्यांवर बदलता येते की नाही ते पाहावे. स्प्रिंगची बैठक खाली-वर करूनच उंची बदलत असेल तर शॉकची हालचाल वाया जाते.

स्प्रिंगच्या आकड्यांत मोठी फसगत होते. जपानी निसान सिल्व्हियासाठी पुढे ८ आणि मागे ६ किलो प्रति मिलिमीटर असे संच प्रचलित आहेत, आणि नवशिका तेच आकडे आपल्या गाडीसाठी मागवतो. पण थ्री सिरीज आणि सी-क्लास या दोन्ही गाड्यांत मागची स्प्रिंग शॉकवर नसून आर्मवर, चाकापासून आत बसवलेली असते. चाक १० मिलिमीटर उचलले आणि स्प्रिंग ६ मिलिमीटरच दबली, तर चाकाला जाणवणारा कडकपणा ०.६च्या वर्गाने कमी होतो. म्हणजे ८ किलोची स्प्रिंग चाकापाशी सुमारे २.९ किलोचीच ठरते. पुढच्या बाजूस स्ट्रट जवळजवळ चाकाबरोबरच हलतो, त्यामुळे तिथे आठ म्हणजे जवळपास आठच. दुसऱ्या गाडीचा आकडा उचलू नये, हा याचा अर्थ. आपल्या मॉडेलसाठी बनवलेला संच घ्यावा आणि त्यातील सौम्य पर्याय निवडावा.

उंची किती कमी करावी? दिसायला आवडेल त्याच्या निम्मी. गाडी फार खाली आली की आर्म वरच्या दिशेने कलतात, खड्ड्यात चाक आपोआप वळू लागते आणि स्प्रिंगची हालचाल संपून गाडी रबरी ठोकळ्यावर आदळते. त्या क्षणी पकड अचानक सुटते.

सगळे बसवून झाल्यावर गाडी स्टँडवर घ्यावी, पुढच्या स्प्रिंग काढून चाक जॅकने पूर्ण वर उचलावे आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहावे. टायर आर्मला, मडगार्डच्या आतल्या पत्र्याला घासतो का, हे तर दिसेलच. पण खरे पाहायचे ते ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर. मूळ वळणासाठी कापलेली नळी जादा अंशांत ताणली जाते. ताण दिसला तर लांब नळी बसवल्याशिवाय गाडी खाली उतरवू नये.

चालवायची कुठे?

याचे उत्तर सोपे नाही, पण काय करू नये ते स्पष्ट आहे. बीड बायपास, जालना रोड किंवा समृद्धी महामार्ग ही त्याची जागा नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर असे वाहन चालवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरू शकते, आणि परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केल्यास कलम १८९ लागू होते. गाडीतील बदलांचा प्रश्न त्याहून वेगळा. कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. शर्यत आणि वेगचाचणीतील नुकसान नेहमीच्या विमा पॉलिसीत बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तेव्हा जादा वळणाची, कॉइलओव्हरची गाडी ही फक्त बंदिस्त जागेसाठी, आणि तिथे ती ट्रेलरवरूनच न्यायची. ट्रेलरचे भाडे पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरावे.

देशातील मोटार क्रीडेचे नियमन एफएमएससीआय ही संघटना करते. स्पर्धा तिच्या मान्यतेची आहे ना, हे प्रवेश घेण्यापूर्वी पाहावे. चेन्नई आणि कोइमतूरचे ट्रॅक येथून फार दूर आहेत, त्यामुळे सराव बहुधा मालकाच्या लेखी परवानगीने मिळालेल्या एखाद्या खासगी काँक्रीट पटांगणावरच होईल. तोवर 'असेटो कोर्सा'सारखा संगणकीय खेळ आणि हाताला झटका देणारे स्टीअरिंग यांवर कॅस्टर, कॅम्बर आणि वळणाचे अंश बदलून पाहता येतात. तिथल्या चुकांना टायर लागत नाहीत.

पहिल्या दिवशी पटांगण ओले करून घ्यावे. पाण्यावर गाडी कमी वेगात घसरते, टायर टिकतात आणि जोडांवर ताण कमी येतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून पॉवर स्टीअरिंगचे तेल पाहावे. टाय रॉड, बॉल जॉइंट आणि आर्मच्या नटांवर बसवतानाच रंगाची एक रेघ मारून ठेवावी, म्हणजे नट फिरला आहे का ते वाकून एका नजरेत कळते. रेघ तुटलेली दिसली तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवून गाडी ट्रेलरवर चढवावी.